राजवाडा ते बेटमा : तीन चाकांचा खरा वृत्तांत

‘वयाची सदुसष्ट वर्षे पूर्ण केलेल्या आमच्या मामांनी इंदूरच्या राजवाड्यापासून बेटम्यापर्यंतचा प्रवास तीनचाकी स्कूटरवर उभ्याने पूर्ण केला. आमचे वडील अर्ध्या वाटेत थकल्यामुळे त्यांना टेम्पोतून आणावे लागले. छायाचित्रात : विजयाच्या क्षणी डोळे पाणावलेले मामा.’

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकात माझा भाचा मिलिंद याने लिहिलेली ही तीन वाक्ये आहेत. पहिले खोटे आहे, दुसरे खोटे आहे, आणि तिसऱ्यात पाणी तेवढे खरे आहे.

आपली स्तुती खोडून काढायला कोणी लेखणी उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या स्तुतीपायी माझे मेव्हणे, म्हणजे मिलिंदचे वडील वसंतराव, यांचे हातातोंडाशी आलेले काम गेले आहे. दुसऱ्याचा पराक्रम अंगावर घालून मिरवण्याची मला सवय नाही, आणि सदुसष्टी उलटल्यावर ती लावून घेण्याची इच्छाही नाही. म्हणून झाले तसे लिहितो.

इंदूर, पहिला दिवस

साताऱ्याहून इंदुरापर्यंतच्या प्रवासात सांगण्याजोगे काही घडले नाही. बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. “जय भीम, दादा!” म्हणत सुमन बाहेर आली. माझ्या हातातली पिशवी तिने घेतली आणि खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो नाही. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून माझे सारे आयुष्य रस्त्यांवर उभ्याने गेले. निवृत्तीनंतर मला खुर्ची टोचते.

“अरे दादा, बस तर सही! आल्यापासून चकरा मारतोय. यांच्यासारखंच झालं तुझं.”

“वसंतराव कुठे आहेत?”

“कुठे जाणार? गेटवर.”

वसंतरावांचे आजोबा पलटणीबरोबर महूला आले, वडील इंदुरात कापडगिरणीत लागले, आणि वसंतरावांनी त्याच गिरणीत एकतीस वर्षे माग चालवले. गिरणी बंद होऊन बारा वर्षे होत आली होती. पण पहिल्या पाळीच्या वेळेला तिच्या फाटकाशी दहाबारा जण अजूनही जमत. कोणी वर्तमानपत्र आणी, कोणी विड्या. भोंगा वाजत नसे, तरी पाळी सुटण्याच्या वेळेला सगळे उठून घरी जात. मी कुत्सितपणे म्हणालो, “बंद फाटकावर हजेरी लावायला?” सुमनने पोहे पुढे ठेवले. इंदुरी पोह्यांत बडीशेप, वर शेव, त्यावर जिरावन नावाचा मसाला, आणि शेजारी जिलेबी. आमच्याकडे पोह्यांवर ओले खोबरे पडते आणि तेवढ्यात त्यांचे भागते. गोड आणि तिखट एकाच बशीत आणणे हा मला गोंधळ वाटला. दुसरी बशी मी केवळ तो गोंधळ नीट समजून घेण्यासाठी घेतली.

मग फाटकावर गेलो. तिथे वसंतराव बाकावर नव्हते.

गिरणीच्या भिंतीसमोर एक नवे दुकान झाले होते. काचेचे दार, आत परदेशी बनावटीची खेळाची साधने. चालायची पण जागचे न हलणारी यंत्रेसुद्धा. मालक पंकजजी तिशीतला, कापडाच्या पिढीजात व्यापारातून निघून या धंद्यात पडलेला. दुकानासमोरच्या मोकळ्या फरसबंद पटांगणात त्याने तीनचाकी गाड्या मांडल्या होत्या. पुढे एक चाक, त्याच्यावर उंच दांडा आणि मूठ. मागे दोन पाय फाकलेले, प्रत्येकाच्या टोकाला एक चाक आणि पाऊल ठेवायला फळी. बैठक नाही, पायडल नाही, इंजिन नाही. आणि अशा एका गाडीवर माझे बासष्ट वर्षांचे मेव्हणे अनवाणी उभे राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डुलत पटांगणभर फिरत होते. पाय जमिनीला लागत नव्हता. गाडी नागासारखी वळणे घेत पुढे जात होती.

“बैटरी होगी नीचे,” बाकावरचा एक जण म्हणाला.

“काहे की बैटरी! वसंत भिया खुद बैटरी है,” दुसरा म्हणाला.

लोकांनी त्या गाडीचे नाव नागीण ठेवले होते.

किक कुठे आहे

मी पंकजजीला विचारले, “याची किक कुठे आहे?”

“अंकलजी, किक नहीं है इसमें. बस लहराना है.”

लहराना! चाळीस वर्षे मी दोरी लावून रस्ते सरळ आखले. दोन ठिकाणांमधले सगळ्यांत कमी अंतर सरळ रेषेचे, हे मी मुकादमांना शिकवले. अशा माणसाला हा लहरायला सांगत होता. मी फळ्यांवर चढलो, मूठ सरळ धरली, गाडी थांबली. एका पायाने जमीन रेटली, गाडी चार हात गेली, पुन्हा थांबली. फाटकावरचे सगळे आता पाळी सोडून पटांगणाच्या कडेला आले होते.

“बाउजी, वो साइकिल रिक्शा नहीं है!”

“धक्का लगाऊं क्या, भिया?”

मी त्यांना जे उत्तर दिले ते येथे छापण्यासारखे नाही.

वसंतराव जवळ आले. ते कमी बोलतात. म्हणाले, “दादा, तुम्ही सीधं जाता, म्हणून ती रुकते. हिला सीधं आवडतच नाही. बघा, मी साच्याच्या गल्लीत आहे असं समजा.”

साचा म्हणजे त्यांच्या बोलीत माग. मागांच्या दोन ओळींमधली गल्ली इतकी अरुंद, की तिथे वळायला पाऊल उचलून चालत नसे. डावीकडे धागा तुटला की सगळे वजन उजव्या पायावर टाकून डावीकडे झुकायचे. तो जोडेपर्यंत उजवीकडे तुटे. वजन पुन्हा डाव्या पायावर. विणकर गल्लीत अनवाणीच उभा राही, कारण जमिनीच्या थरथरण्यावरून कोणता माग बिघडतो आहे हे तळव्यांना आधी कळे. एकतीस वर्षे असे डुललेले शरीर बारा वर्षे बाकावर बसवून ठेवले होते. या गाडीला इंधन लागते ते तेवढेच, वजनाची अदलाबदल.

“पंकजजीने तीन लडके ठेवले शिकवायला,” वसंतराव म्हणाले. “तिन्ही पायाने ढकलतात. गिऱ्हाईक हसतं आणि जातं.”

“मग तुम्हाला का ठेवत नाहीत?”

पंकजजीच पुढे आला. “रखूंगा अंकलजी, क्यों नहीं. पर उमर देखो इनकी. पटांगणात सब चला लेते हैं. राजवाड्यावरून बेटम्यापर्यंत गाडी घेऊन गेले, तर उसी दिन से नोकरी पक्की. आणि वरून दुकानात फोटो लावीन.”

मराठी शेजाऱ्यांत वाढलेला माणूस तो, अशी खिचडी बोले. बेटमा धारच्या रस्त्यावर, पंचवीस किलोमीटरहून काही अधिक. वसंतरावांनी मान खाली घातली. मला तो अपमान वाटला, आणि अपमान दुसऱ्याचा असला तरी माझ्याने गिळवत नाही.

“दोघे जाऊ,” मी म्हणालो. “दोन गाड्या काढा.”

मधले आठ दिवस

पुढचे आठ दिवस मी शिकलो. ‘मामांनी एका दिवसात कसब हस्तगत केले’ असेही अंकात छापले आहे, तेही खोटे. पहिले तीन दिवस मी फक्त पडलो. चौथ्या दिवशी वसंतरावांनी माझे बूट काढायला लावले. तळव्याखाली फळीची खरखर लागली, आणि कोणत्या पायावर किती भार आहे हे मला आयुष्यात प्रथमच कळले. त्यांनी माझ्यापुढे गाडी धरली आणि म्हणाले, “माझ्या मागं मागं या. धागा तुटला डावीकडे… जोडला. आता उजवीकडे तुटला…”

आणि गाडी चालली. मी ढकलली नव्हती. कानावर वारा आला. पटांगणाच्या कडेला भिंत होती, ती जवळ आली, आणि मी वळलो, आपोआप, जणू भिंतीनेच मला वळवले. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बाकावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मला घरात जेवायलाही बसवेना. ताटावरून उठून मी ओसरीत एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत असे.

मिलिंद एका खाजगी कार्यालयात संगणकावर काम करतो. त्याला हे सगळे लाजिरवाणे वाटत होते. “मामा, सच्ची सांगू? ऑफिसचे लोक तिकडूनच येतात-जातात. पापांना त्या बच्चों की गाडीवर बघतात. मी म्हणतो, आराम करा ना. त्यांची सांस फुलते, उमर झाली आता.”

“गाडीवर असताना फुललेली मी पाहिली नाही.”

“तुम्ही आठ दिवसांचे मेहमान आहात, मामा.”

वसंतराव शेजारच्या खोलीत होते. त्यांनी ऐकले. वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ दुसरे पान उलटले नाही.

राजवाडा ते सोयाबीन

निघालो तो दिवस दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला. सूर्य उगवताना राजवाड्यासमोर झाडू मारून होत होता, झेंडूच्या पाट्या उतरत होत्या, आणि ऑटोवाले पहिल्या चहाला उभे होते. पंकजजीने आमच्या गाड्यांची चाके तपासली आणि वाटेत थांबू नका असे बजावले. मिलिंद कॅमेरा घेऊन बसने बेटम्याला येणार होता. सुमनने दोघांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवल्या. माझ्या कानाशी लागून ती म्हणाली, “दादा, यांना जिंकू दे हं.”

“यात जिंकण्याहरण्याचे काय आहे?” मी म्हणालो. पण तिला माझा स्वभाव माहीत होता, आणि मलाही.

बाजारातून बाहेर पडताना मी पुढे होतो. हे मान्य केलेच पाहिजे, की मी पुढे राहायचे ठरवले होते. शहर संपले, धारचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापणी झालेली शेते, मधूनच हिरव्या लसणीचे वाफे. रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता होता. पाणी वाहून जावे म्हणून तो तसाच बांधायचा असतो. नागिणीला तो उतार फार मानवतो. मधून कडेला घसरायचे, तोच वेग घेऊन पुन्हा मधे चढायचे. ज्या उताराचे माप घेण्यात माझी नोकरी गेली, तो पायांखाली असा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. मागून येणाऱ्या ट्रकांचे चालक हॉर्न वाजवत, मग बाजूने जाताना डोके बाहेर काढून हसत. एकाने केळी फेकली. मी ती झेलली आणि गाडी न थांबवता खाल्ली. मिलिंदच्या लेखात या गोष्टीचा उल्लेख नाही. तो असता तर मी आक्षेप घेतला नसता.

निम्म्याहून थोड्या पुढच्या अंतरावर रस्ता पिवळा दिसू लागला.

माळव्यात शेतकरी सोयाबीनची कापलेली रोपे सडकेवर पसरतात. येणारीजाणारी वाहने ती तुडवतात आणि मळणी फुकट होते. आमच्याकडेही हुलग्यांचे असे करत, आणि मी सारी कारकीर्द त्यांना सडकेवरून हुसकावण्यात घालवली. इथे एक म्हातारा शेतकरी दोन्ही हात हलवून आम्हाला उलट बोलावत होता.

“आओ बाउजी, ऊपर से निकालो! तीन पहिये हैं, बढ़िया दाना निकलेगा!”

मी गाडी थांबवली. “रास्ता सरकारी है,” मी म्हणालो. “हटाओ ये सब.”

“अरे बाउजी, सरकार भी तो इसी पे से निकलती है!”

तोपर्यंत वसंतराव आले. त्यांनी गाडी न थांबवता एक लांब वळण घेतले, कडेच्या मातीवरून रास ओलांडली, आणि मागे न पाहता मला म्हणाले, “दादा, बाजूनं या. खाली दाणे आहेत.”

बाजूने! डांबरी सडक असताना बांधकाम खात्याच्या माणसाने मातीतून जायचे! मी वेग घेतला आणि राशीच्या मधोमध घुसलो. सुटे झालेले सोयाबीनचे दाणे छर्‍यांसारखे असतात. मागची दोन्ही चाके एकाच वेळी दोन दिशांना गेली. मी तिसरीकडे गेलो.

सुमन सर्वांना सांगते, दादा वयामुळे पडला. दादा वयामुळे पडलेला नाही. दादा सोयाबीनवरून पडला, आणि पंचविशीतला असता तरी तिथेच पडला असता, कारण पंचविशीतही तो बाजूने गेला नसता.

टेम्पो

गुडघा सुजला. शेतकऱ्याने मला बांधावर बसवले, पाणी दिले, आणि माझ्या अंगाखाली किती मळणी झाली हे मोठ्या कौतुकाने पाहिले. वसंतराव परत फिरून आले होते. गाडीवरून उतरू लागले, तसा मी ओरडलो, “उतरू नका! तुम्ही पुढे जा.”

“तुम्हाला असं टाकून कसं जाऊ? तुम्ही पाहुणे आहात.”

“वसंतराव, मी पाहुणा म्हणून सांगत नाही. तुमच्या बायकोचा मोठा भाऊ म्हणून सांगतो. जा.”

ते गेले. थोड्या वेळाने बेटम्याकडे जाणारा एक टेम्पो थांबला. चालकाने माझी गाडी वर चढवली. पुढे त्याच्या शेजारी बायकामुले होती, म्हणून मी मागे, ताडपत्रीखालच्या पोत्यांवर बसलो. पोत्यांत काय आहे ते मी विचारले नाही. पहिल्याच खड्ड्याला कळले.

एका चढावर वसंतराव दिसले. त्यांना पुढून किंवा शेजारून मी खूप वेळा पाहिले होते; असे मागून, लांबून पाहिले नव्हते. चढावर ते लहान लहान, भरभर वळणे घेत होते. खांदे स्थिर, कंबर तेवढी डावी-उजवी. पायांच्या टाचा फळीवर घट्ट. त्या सडकेवर दुसरे कोणी नव्हते, आणि तरी ते अरुंद गल्लीत असल्यासारखे आखून जात होते, जणू दोन्ही बाजूंना माग चालू आहेत आणि एकही धागा तुटून राहता कामा नये. टेम्पो त्यांच्या बरोबरीला आला. चालक ओरडला, “ओ काका नागिनवाले! आ जाओ, जगह है!”

वसंतरावांनी मान हलवून नाही म्हटले. मला पाहून ते हसले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. श्वास फुललेला नव्हता. मी नीट पाहिले; माझे डोळे तेव्हा मी जेमतेम उघडे ठेवू शकत होतो, तरी पाहिले.

बेटमा

चौकात टेम्पोने मला उतरवले आणि माल उतरवायला तो गल्लीत निघून गेला. मी गाडीचा दांडा धरून उभा राहिलो. अर्ध्या तासाने वसंतराव आले, गाडी कडेला लावली, आणि बाफल्यांच्या, म्हणजे तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी तळव्यांवर पाणी ओतून घेतले. तळव्यांवर फळीच्या खाचा उमटल्या होत्या.

मग मिलिंदची बस आली. त्याने काय पाहिले? मामा गाडी धरून उभे, डोळ्यांतून धारा. वडील ओट्यावर पाय धूत. त्याने वडिलांना विचारले, “पापा, टेम्पोत कोण होतं? बसमधले लोक बोलत होते, एका नागिनवाल्याला टेम्पोत चढवलं म्हणून.”

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “दादांनी केलं सगळं. मी आपला आलो मागून.”

हे ते भीतीने बोलले नाहीत. घरी आलेल्या पाहुण्याला, त्यातून बायकोच्या थोरल्या भावाला, भरचौकात खाली पाहायला लावायचे नाही, एवढेच त्यांना सुचले. आपली नोकरी त्यांनी बाफल्यांच्या ताटासारखी माझ्यापुढे सरकवली. मी हात वर करून ‘नाही, नाही’ असे खुणावत होतो. तोंडातून शब्द फुटत नव्हता. घसा बंद झाला होता. मिलिंदला तो गहिवर वाटला. “मामा, इमोशनल झाले!” म्हणून त्याने बटण दाबले.

संध्याकाळी मी सर्व सांगितले. मिलिंद हसला. “मामा, तुम्ही पापांना सांभाळून घेताय. तुमचा गुडघा? तो तर प्रॅक्टिसमध्ये पण सुजला होता.” तळव्यांवरच्या खाचा दाखवल्या, म्हणाला, आठ दिवसांच्या आहेत. वसंतरावांना साक्षीला बोलावले, ते म्हणाले, “राहू द्या ना, दादा.” दुसऱ्या दिवशी माझी परतीची आगगाडी होती. आपल्या बापाची काळजी म्हणून मिलिंदने पंकजजीलाही जाऊन तेच सांगितले.

गेल्या आठवड्यात सुमनचे पत्र आले. दुकानाने ‘अंकलजी, आपकी उमर’ म्हणून यांना नको म्हटले. हे पुन्हा फाटकावर जाऊन बसतात. पटांगणाकडे पाठ करून बसतात.

या लेखाची एक प्रत मी पंकजजीला पाठवतो आहे. मिलिंदने आणि मंडळाने अंक पुन्हा उघडून ते छायाचित्र पाहावे. त्यात दोन माणसे आहेत. एकाच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहते आहे, चेहरा सुजून लाल झाला आहे, तो मी. दुसरा ओट्यावर बसून कोरड्या, स्वच्छ डोळ्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो आहे, ते वसंतराव. यांपैकी टेम्पोतून कोण आले, एवढाच प्रश्न आहे. टेम्पो बेटम्याच्या किराणा दुकानाचा माल घेऊन चालला होता. पोत्यांत वाळलेली लाल मिरची होती.